जीपची मागची सीट

एरंडोल, मंगळवार, संध्याकाळ

जीप विकली. सौदा पक्का म्हणून धुळ्याच्या गिऱ्हाइकाच्या हातात नारळ दिला, आता शब्द फिरवता येत नाही. पण चुकलं का माझं?

दोन जुन्या गाड्यांपैकी एकच ठेवायची होती. अ‍ॅम्बॅसिडर म्हणजे गादी. गावातले सगळे नवरदेव तिच्यातच मिरवले. जीप म्हणजे हाडं खिळखिळी. नाना रोज सकाळी अ‍ॅम्बॅसिडर पुसतात, जीपला हातही लावत नाहीत. मग जीपच काढायची ना? मला वाटलं, वडिलांचं मन मी ओळखतो.

जीप उद्या नेतो म्हणून गिऱ्हाईक गेल्यावर नाना एवढंच म्हणाले, "मांगली सीट काढी लेऊ का?"

ती फाटकी सीट? कशाला?

"तुनी माय तठेच शेवटलं बोलनी."

त्या दिवशी अ‍ॅम्बॅसिडर बोदवडला वरातीत होती, म्हणून नानांनी आईला जीपमधून जळगावला न्यायला काढलं. दवाखाना येण्याआधीच ती गेली. एवढं मला माहीत होतं. ती काय बोलली, हे कधी विचारलंच नव्हतं. आज विचारलं.

"म्हने, आंग दुखस, धीरे चालाडा."

नाना त्या सीटकडे बघत राहिले.

"आनि मी धीरे चालाडी."