पाकिटं मीच फोडायचे

नॅरोजिन, पश्चिम ऑस्ट्रेलिया
१४ मे १९८८

प्रिय हिल्डाताई,

तुमचं दुसरं पत्र काल पोचलं. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची सवय आहे, म्हणून आधी तेवढं लिहिते. पाऊस वेळेवर आला, गव्हाची पेरणी उरकली. दोन गाई व्यायल्या.

सप्टेंबरचं विमानाचं तिकीट काढलंत, आणि ‘भावाला आता तरी उत्तर द्यायला सांगा’ असं लिहिलंत. क्लिफ सव्वीस मार्चला गेला. गोठ्यात, सकाळचं दूध काढताना. हृदयाचं दुखणं वर्षभर चालूच होतं.

तो पाकीट कधी फोडत नसे. इंग्लंडहून आणलेल्या पोरांना ज्या शेतावर राबवलं, तिथे आलेलं पत्र आधी तिथली बाई फोडायची आणि जेवताना सगळ्यांपुढे मोठ्यानं वाचायची. दहा वर्षांचा असताना त्याला असंच ताटावर कळलं, की आई आणि बहीण बॉम्बहल्ल्यात गेल्या. पुढे बाई म्हणाली, “खीर संपव.” साबुदाण्याची होती. आमच्या घरी ती कधी केली नाही.

लग्नानंतर टपाल माझ्यापुढे टाकायचा. “फोड गं मर्ल. राणीनं जेवायला बोलावलंय का बघ.” माझी शाळा दोनच वर्षं झालेली. त्याचं टपाल वाचत वाचतच मी वाचायला शिकले.

तुमचं पहिलं पत्र ऑक्टोबरात आलं. आई एकाहत्तर सालापर्यंत होती, त्याच्या प्रत्येक वाढदिवसाला त्या शेताच्या पत्त्यावर पत्र टाकायची, हे मी स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं.

“कुणाचं गं?” त्यानं विचारलं.

“बियाणंवाल्याचं.”

“म्हणजे राणी यंदाही विसरली,” म्हणाला, आणि बूट काढायला बसला.

डॉक्टरांनी धक्का बसू देऊ नका म्हणून सांगितलं होतं. म्हटलं, कापणी होऊ दे. मग म्हटलं, नाताळ होऊ दे.

डॉक्टरांचं नाव मी उगीच पुढे करते आहे. सदतीस वर्षं त्याला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि मला ते बरं वाटायचं.

त्या शेतावरच्या बाईला मी जन्मभर नावं ठेवली. आता ठेवत नाही.

तिकिटाचं तुम्ही ठरवा. आलात तर स्टेशनवर घ्यायला येईन. पहिलं पत्र मात्र परत मागू नका. पाकीट डिंकानं पुन्हा चिकटवलं आणि पुरताना त्याच्या अंगावरच्या कोटाच्या खिशात ठेवून दिलं. त्याच्या नावाचं तेवढं एक पाकीट बंद आहे.

वहिनी म्हणू नका.

मर्ल