वहीतली बुधवारची सही

प्रिय तावडेबाई,

तुम्ही देवाघरी जाऊन आज तेरा दिवस झाले आणि तेवढेच दिवस मी घरात आहे. बाबांनी सरळ सांगितलं, "बाई होत्या म्हणून वाचनालयात पाठवत होतो. आता तिथे कोण आहे?" म्हणून हे पत्र तुम्हालाच. दुसऱ्या कुणाला लिहू? माझ्या मैत्रिणीला, शोभाला लिहिलं तर दादा आधी फोडून वाचेल.

आमची मालाडची खोली तुम्ही पाहिलीत. गिरणी बंद पडल्यापासून बाबा दिवसभर दारातच बसतात. कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले तरी त्यांची मान वळते. आई म्हणते, वाच की इथेच, कोण नाही म्हणतंय? बाजूला शेजाऱ्यांचा ट्रान्झिस्टर, पुढ्यात आमचा स्टोव्ह आणि मध्ये मी, बारावीचं पुस्तक धरून. जीव नुसता गुदमरतो हो बाई!

तुमच्याकडे खिडकीजवळ मुलींचं टेबल होतं. तिथे मला कुणी पाणी मागत नव्हतं. जुन्या प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे तुम्ही आपणहून पुढ्यात टाकायचात, बँकेतल्या भरतीची जाहिरात कापून फळ्यावर लावायचात. आणि खडूस तरी केवढ्या! आल्यावर वहीत वेळ आणि सही, जाताना पुन्हा. एकदा मी अंदाजाने चार लिहिलं, तर सगळ्यांसमोर खोडून चार दहा करायला लावलंत. मला इतका राग आला होता!

मग तो बुधवार. मी कॉलेजच्या मुलींबरोबर होडीने गोराईच्या किनाऱ्यावर फिरायला गेले आणि वहीत माझी सही शोभाने ठोकली. नेमका दादा त्याच दिवशी वाचनालयात डोकावला. झालं, वाट लागली! माझं येणं बंद. चार दिवसांनी तुम्ही वही काखेत मारून आमच्या दारात हजर. दादाने बुधवारवर बोट ठेवलं. तुम्ही त्या सहीकडे बघितलंत, मग माझ्याकडे.

"मीच तिला पोस्टात पाठवलं होतं," म्हणालात. वर रोज संध्याकाळी तिला मी घरी सोडीन, असंही कबूल केलंत.

का बोललात खोटं? शोभाचं अक्षर तुम्हाला ओळखू आलं नसेल, हे शक्यच नाही. पाच महिने दुखरे गुडघे घेऊन माझ्याबरोबर चालत आलात, पण एकदाही विचारलं नाहीत. तोंड मलाही होतंच की! कोपरा येईपर्यंत मी शब्द जुळवायचे, तेवढ्यात तुम्ही भूगोलाच्या नकाशांचं काढायचात. राहूनच गेलं. लाज वाटते मला.

आणि रागावू नका, पण थोडा तुमचाही राग येतो. तुम्ही सोबत होतात म्हणून मला सोडायचे. मी एकटी नीट जाऊन येईन, हे या घरात कुणाला कधी पटलंच नाही.

आज जेवताना मी बाबांना गोराईचं सगळं सांगितलं. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, हेसुद्धा. दादा म्हणाला, आता तर विसरच. बाबा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तरी बाई रोज चालत यायच्या."

परीक्षेला दोन महिने राहिलेत. उद्या मी जाणार, बाई. बाबा दारात असतील. त्यांना विचारून नाही, सांगून जाईन. घड्याळ बघून वेळ लिहीन आणि सही माझ्या हातची असेल. संध्याकाळी पुन्हा सही करीन, आणि एकटी चालत घरी येईन.

तुमची,
खिडकीजवळची सुनंदा