देवाने मागितलेला गूळ

रत्नागिरी,
२१ फेब्रुवारी

ती. चंपाताईस,

राजारामचा वाकून नमस्कार. पाकीट बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनवर तू मला दोन वाक्यंसुद्धा पुरी करू देत नाहीस, म्हणून हा खटाटोप.

ऑफिसात मार्चअखेरची धावपळ सुरू झाली आहे. गावी आंब्याला मोहोर बरा आहे, पण सकाळी धुकं पडलं की शेजारचा बाळा आभाळाला शिव्या घालत बागेत फिरतो. तुझ्या भावजयीने, दर्शनाने, तुझ्यासाठी कुळथाचं पीठ काढून ठेवलंय. दाजींची कंबर कशी आहे?

शिमग्याला येणार ना? गेल्या वर्षी लेकीच्या, वेदिकाच्या परीक्षेपायी तुझं यायचं राहिलं आणि नेमकं तेव्हाच तुझ्या भावाच्या अंगात वारं आलं. तू अख्ख्या सावर्ड्याला सांगितलंस म्हणे. दाजींनी माझ्या नावाने नारळसुद्धा पाठवला. त्याची आमटी केली, पण ताई, मला ती गोड लागली नाही.

त्या दिवशीचं नीट सांगतो. पालखी आपल्या अंगणात यायला दुपार कलली. ती घरात येऊन गेल्याशिवाय कोणी जेवत नाही, तुला माहीतच आहे. मी तसाच उपाशी खांद्याला लागलो आणि तासभर नाचवली. मग हात थरथरायला लागले, घामाने सदरा भिजला, डोळ्यांपुढची माणसं विरघळायला लागली. ढोलवाल्यांना आणखी चेव आला. कोणीतरी ओरडलं, "राजारामाला वारं आलं!" मला बसवलं, समोर नारळ ठेवले. येसूबाई काकी हात जोडून विचारायला लागली, "माझ्या विनीतचं लगीन कधी होल रे देवा?" मी म्हटलं, "गूळ." परत विचारलं, परत "गूळ." मग धावपळ करून गुळाची ढेप आणली आणि पालखीपुढे ठेवली! मी बघतोय, हात पुढे करतोय, आणि चारजण मला धरून "शांत हो देवा" म्हणतायत. दर्शना आत ओटीचं ताट भरत होती, तिला पत्ता नाही. शेवटी प्रसाद वाटला तेव्हा एक खडा माझ्याही तोंडात पडला. थोड्या वेळाने देव उतरला.

ते वारं नव्हतं, ताई. माझी साखर उतरली होती. सकाळी इन्सुलिन घेतलं होतं आणि वर पोटात काही नव्हतं.

हो, मलाही तेच आहे. नानांचंच, बापाकडून लेकाकडे आलेलं. तीन वर्षं झाली.

आता पत्र बाजूला ठेवून रडू नकोस, आधी पुढचं वाच. दुखत-खुपत काही नाही. कंटाळा येतो. सकाळी बोटाला सुई टोचायची आणि तो आकडा दिवसभर मास्तरासारखा डोक्यावर बसणार. ऑफिसात इंजेक्शन घ्यायला संडासात जायचं. लग्नात नको म्हटलं की "एका जिलबीने काय होतंय" म्हणणारे भेटतात, आणि खाल्ली की तेच डोळे वटारतात. कधी कधी इतका राग येतो की मुद्दाम दोन लाडू खातो आणि मग दर्शनावर ओरडतो. ती बिचारी तुझ्यापासून लपवून लपवून थकली.

तुला का नाही सांगितलं? नानांचा पाय कापला तेव्हा मी सातवीत होतो. तू कॉलेज सोडलंस. त्यांच्या पट्ट्या, त्यांची चिडचिड, सगळं तू काढलंस. माझं कळलं त्या दिवशी पहिला विचार नानांचा नाही, तुझा आला. आता कुठे तू सुखाने चार दिवस बसतेस, आणि मी पुन्हा तुझ्यापुढे पाय घेऊन येऊ?

पण यंदा गावकीने मला पालखीच्या पहिल्या खांद्यावर घेतलं. देव ह्याच्याकडे बोलतो म्हणे. विनीतचं लग्न मे महिन्यात झालं ना! लोक प्रश्न घेऊन येणार होते. मला झोप लागेना. शेवटी गेल्या रविवारी बाळाला बागेत गाठून सगळं सांगितलं. तो आधी पोट धरून हसला, मग माझा दंड घट्ट धरला. म्हणाला, "मेल्या, तू मरत होतास नि आम्ही देवाला गूळ दाखवत होतो! यंदा मागितलंस तर आधी तुझ्या तोंडात कोंबीन."

त्यानेच गावकीत विषय काढला. मी मान खाली घालून बसलो होतो. येसूबाई काकी म्हणाली, "पोराने लगीन केलान ना? मग झाला तर! देव काय, साखरेतूनपण बोलेल." सगळे हसले, मीही हसलो. मग एकेकाने आपापल्या साखरेवरचं कुठलं औषध, किती गोळ्या ते काढलं. मला वाटायचं, गावात मी एकटाच आहे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाचा, पण आधी खा, खिशात साखर ठेवा आणि अनवाणी नाचू नका. पायात घालून देवाला खांदा कसा द्यायचा, यावर गावकीत बराच वाद झाला. शेवटी ठरलं, की नवे कोरे कापडी बूट आधी देवापुढे ठेवायचे, मग मी घालायचे. आपल्या घरचं जेवणही यंदा आधी होणार, मग पालखी.

आता गावभर झालंय, म्हणजे चार दिवसांत कोणीतरी तुला फोन करणारच. त्याच्याआधी तुला माझ्याकडून कळायला हवं होतं.

तू ये. सेवा करायला नको, ती तू एका जन्माची केलीस. माझ्या शेजारून चाल आणि पदराला गुळाचा खडा बांधून ठेव. मी मागितला की दे, एवढंच. आल्या आल्या आधी माझे तळवे बघशील हे मला ठाऊक आहे. बघ. मी रोज रात्री आरसा धरून बघतो, एक ओरखडासुद्धा नाही.

वाट बघतो.

दोन्ही पायांवर उभा असलेला,
तुझा धाकटा,
राजा