आमची सहा वर्षांची दुभाषी

रायस्वाइक, ३ जून २०२०

ती. वासंतीताईस,

मोरेश्वरचा साष्टांग नमस्कार (खरोखर वाकून; कंबर आता बरी आहे). तुझे गुडघे काय म्हणतात? काढ्याचा मारा थोडा कमी केलास का? पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून पत्र हाताने लिहून फोटो पाठवतो आहे. लाल पेनने तपासून परत पाठवू नयेस.

निघताना तू माझ्या बॅगेत तीन अंकलिप्या कोंबल्यास आणि बजावलंस, लहानपणी दुसरी भाषा आली की बुद्धीला धार येते, आर्याला मराठी बोलतं करूनच परत ये. विमानं बंद पडून तीन महिन्यांचे चार झाले. निहार आणि सूनबाई दार लावून दिवसभर मीटिंगा करतात. शाळा बंद, म्हणजे घरात मी आणि नात. मी मराठीत विचारायचं, तिने डचमध्ये उत्तर द्यायचं. अंकलिपी कमळापुढे सरकेना. मी हात टेकले. ताई, फार वाईट वाटायचं गं.

मग शेजारच्या यान्नेकेबाई भेटल्या. वय पंचाहत्तर, एकट्याच राहतात. रोज अकराला कुंपणाच्या अलीकडे मी, पलीकडे त्या, मध्ये दीड मीटर अंतर आणि कॉफी. (इंग्रजी दोघांनाही येतं, पण एकमेकांचं कळत नाही.) त्यामुळे दुभाषी आर्या. तिने सांगितलं, बाई म्हणतात, इथे अशी पद्धत आहे की पाहुण्या आजोबांनी रोज नातीला सायकलवरून कालव्यापर्यंत न्यायचं आणि येताना आइस्क्रीम घ्यायचं. मी पाळली. गुरुवारी अंकलिपीला शिवायचं नाही, हीसुद्धा पाळली (धार्मिक कारण असावं, खोलात शिरलो नाही). तिकडे बाईंना कळलं होतं की भारतात अभ्यासाआधी शेजारच्या आजी मुलीला लोणी आणि चॉकलेटचे दाणे लावलेला पाव देतात, नाही दिला तर अपशकुन होतो. अकराच्या ठोक्याला बशी कुंपणावर हजर! एकमेकांच्या संस्कृतीचा मान राखता राखता आम्ही दोन म्हातारी माणसं एका पोरीची बडदास्त ठेवत होतो.

परवा बाईंनी सूनबाईला विचारलं, हा पावाचा विधी कितव्या वर्षापर्यंत करायचा असतो? बिंग फुटलं. सूनबाई भडकली. मी खोलीत जाऊन एकटाच हसत सुटलो. मला गंडवण्यासाठी ही पोर महिनाभर घडाघडा मराठी बोलत होती आणि मी पद्धती पाळण्यात इतका गुंतलो होतो की माझ्या ते ध्यानातही आलं नाही! ‘आजोबा, आपण पाहुणे, लोक काय म्हणतील?’ हे वाक्य कुठल्या अंकलिपीत आहे, सांग बरं. बुद्धीच्या धारेबद्दलचं तुझं म्हणणं मला मान्य आहे.

तुझा धाकटा भाऊ,
मोरेश्वर

ता. क. : निहारने पुढच्या आठवड्यातल्या विशेष विमानात माझं नाव घातलं आहे. मला जायचं नाही. माझं तो ऐकत नाही, पण आत्याचा शब्द मोडायचा नाही. लगेच फोन कर.

ता. क. २ : तीस वर्षं मुख्याध्यापिका राहिल्याने तुला खोटं बोलता येत नाही, म्हणून मजकूर देतो : ‘आजोबांच्या पुण्याच्या दारात वाघ बसला आहे. तो फक्त आजोबांनाच खातो. आर्या मोठी होईपर्यंत तो उठणार नाही.’

ता. क. ३ : मजकूर आर्याचा आहे. तिने मराठीत सांगितला, मी नुसता उतरवून घेतला. हवं तर वाघाचा बिबट्या कर, बाकी एक शब्द बदलू नकोस.