बंदुकीपुरते हिंदू

मी, सुलक्षणा दीनानाथ आठल्ये, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा घरकाम व बागकाम, मूळ राहणार मिरज, हल्ली मुक्काम ब्रिनगॉख खोरे, परगणा पोविस, वेल्स, लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकिलांनी सांगितले आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणू शकेल असा एकच माणूस होता, माझे यजमान डॉक्टर दीनानाथ, आणि त्यांनाही ते कधी जमले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

हा लेख मराठीत आहे. वकील म्हणाले, "मिसेस डॉक्टर, इंग्रजीत केलंत तर सगळ्यांच्या सोयीचं होईल." मी म्हटले, सगळ्यांच्या सोयीने चाळीस वर्षे वागले, आता मरताना तरी माझी सोय बघते. कायद्याला भाषेचे वावडे नाही हे त्यांनीच पुस्तक उघडून कबूल केले आणि पुस्तक जरा जोरात मिटले.

कलम पहिले: घर

माझे राहते घर, पुढच्या दोन खोल्या, मागची बाग व कोंबड्यांचे खुराडे यांसह, मी ब्रिनगॉख खोऱ्याच्या ग्रामसमितीला देत आहे. पुढच्या दोन खोल्यांत डॉक्टरांचा दवाखाना होता. तिथे पुन्हा दवाखानाच व्हावा. तीन वर्षांत शहरातल्या लोकांनी डॉक्टर पाठवला नाही, तर शेजारच्या ग्विलिमने हिवाळ्यात आपली कोकरे त्या खोल्यांत बांधावीत आणि संबंधित अधिकाऱ्यांना पाहणीसाठी सन्मानाने बोलवावे. चहा द्यावा. बसायला खुर्ची देऊ नये.

याचे कारण नोंदवून ठेवते. आमच्या खोऱ्याच्या तोंडाशी बारा खाटांचे रुग्णालय होते. ते बंद करायचा निर्णय शहरात एका खोलीत, नकाशा पसरून झाला. त्या नकाशावर आमचा डोंगर सूचीच्या चौकटीखाली झाकला गेला होता. मी सभेला गेले होते, डोळ्यांनी पाहिले आहे. त्यानंतर दोन वर्षांनी डॉक्टरांच्या छातीत दुखू लागले. ॲम्ब्युलन्स आली, शहराकडे निघाली, आणि पुलापलीकडे रस्त्यात मेंढ्या आल्या म्हणून थांबली. डॉक्टर ॲम्ब्युलन्सवाल्याला स्वतःची नाडी सांगत होते. सांगता सांगता थांबले. मेंढ्या ग्विलिमच्या होत्या. त्याला मी कधी बोल लावला नाही, मेंढ्यांना रस्ता माहीत होता. रुग्णालय बंद करणाऱ्यांना नव्हता.

कलम दुसरे: बंदूक

माझी बारा बोअरची दुनळी बंदूक ग्विलिमची पत्नी बेथन हिला द्यावी. तिच्याकडे स्वतःचा परवाना आहे आणि नवऱ्यापेक्षा नेमही चांगला आहे. बंदूक मी मेथी व वाटाण्यावर बसणाऱ्या रानकबुतरांसाठी घेतली होती. आजतागायत एकही कबूतर मेलेले नाही. आवाजाने उडून जातात आणि पाद्रीसाहेबांच्या कोबीवर बसतात, एवढा उपयोग मला पुरे आहे.

बंदुकीबरोबर दसरा येतो, म्हणून तोही लिहिणे भाग आहे.

आमच्या घरी दसऱ्याला शस्त्रपूजा असे. सतरंजीवर डॉक्टरांचा स्टेथोस्कोप, माझी विळी, खवणी, बागेतली कुदळ आणि बंदूक. ग्विलिम एकदा अंडी द्यायला आला आणि बंदुकीला झेंडूची माळ पाहून दारातच उभा राहिला. मी सांगितले, ज्याच्या जिवावर आपण वर्षभर खातो त्याला आज हळदकुंकू लावायचे, नमस्कार करायचा, आणि संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही; त्यांचीही सुट्टी. तो घरी गेला आणि आपली बंदूक, मेंढ्यांची कातर आणि ट्रॅक्टरची किल्ली घेऊन आला. त्या वर्षी त्याची कोकरे कोल्ह्याने नेली नाहीत. पुढच्या वर्षी सात जण आले. मग सगळे खोरे. पाद्री इमलिन यांनी पहिल्या वर्षी चॅपलमध्ये माझ्या नावाने नव्हे पण माझ्या दिशेने प्रवचन केले. दुसऱ्या वर्षी ते चॅपलचे गवत कापायचे यंत्र घेऊन आले, ते सारखे बंद पडत होते.

शस्त्रपूजेचे मंत्र मला येत नाहीत. ते सासऱ्यांना येत. मी पावकी आणि निमकी म्हणते, लहानपणी शाळेत म्हणत असे त्याच सुरात. लोक टोप्या काढून, माना खाली घालून ऐकतात. औटकी आली की बेथनचे डोळे भरून येतात. अपूर्णांकांनी आजवर कोणाचे वाईट केलेले नाही.

मग लंडनने आमचे कुत्रे घेऊन कोल्ह्यामागे जाणे बंद केले. पोस्ट बंद झाले होते, बस आठवड्यातून एकदा येत होती, तीही चुकून आल्यासारखी. त्यात बातमी आली की बंदुकांचे नियम आणखी आवळणार. गावच्या सभागृहात सभा भरली. ग्विलिम उभा राहिला. एरवी तो मेंढ्यांशीच बोलतो.

"एडका कोणता आणि मेंढी कोणती हे ज्याला लांबून ओळखता येत नाही," तो म्हणाला, "त्याने केलेला कायदा पुलाच्या अलीकडे लागू नाही."

ठराव एकमताने पास झाला. पण वकील म्हणाले, असा ठराव कोर्टात टिकणार नाही, काहीतरी आधार हवा. तेव्हा कोणीतरी मागून म्हणाले, धर्मस्वातंत्र्य तर आहे ना? आणि सगळे माझ्याकडे वळून पाहू लागले.

त्या रात्री खोऱ्यातल्या सर्व परवानाधारकांनी एक निवेदन केले: आमच्या बंदुका ही पूजेची उपकरणे असून आम्ही बंदुकीपुरते हिंदू आहोत. इतर सर्व बाबतींत, म्हणजे लग्न, मर्तिक, रविवार आणि डुकराचे मांस, आम्ही चॅपलचेच. पाद्री इमलिन यांनीही सही केली, गवत कापायच्या यंत्रापुरती. मी त्यांना समजावले की आमच्याकडे असे तुकड्यातुकड्याने हिंदू होता येत नाही. मग जरा विचार केला आणि वाद सोडून दिला. माझ्या माहेरी बरेच जण तसेच होते.

गेल्या वर्षीचा दसरा दोन ऑक्टोबरला आला. त्या दिवशी गांधीजयंती असते हे मी कोणाला सांगितले नाही. अंगणात सतरंज्या, त्यांवर चाळीसेक बंदुका, झेंडू, उदबत्त्या. पलीकडच्या टेकडीवर सुट्टीपुरते घर घेतलेल्या एका लंडनच्या गृहस्थांनी दुर्बिणीतून पाहिले आणि पोलिसांना फोन केला की एक आशियाई बाई लाल पावडर घेऊन काहीतरी म्हणते आहे आणि सशस्त्र पुरुष तिच्यापुढे माना झुकवून उभे आहेत. यातला एकही शब्द खोटा नव्हता.

हेलिकॉप्टर आले. माझी रांगोळी उडाली. शहरातून सशस्त्र पोलीस आले आणि कर्ण्यातून ओरडले, "शस्त्रं खाली ठेवा!"

"ठेवलीच आहेत," ग्विलिम म्हणाला. "आता संध्याकाळपर्यंत कुणी शिवायची नाहीत. तुम्हीसुद्धा."

त्यांच्या साहेबांनी शहराला फोन लावला. शहराने आणखी मोठ्या शहराला लावला. तिथून हुकूम आला की पूजेत व्यत्यय आणू नये. आपले आशियाई धोरण काय ते कोणालाच माहीत नव्हते, म्हणून सगळे थांबले. मी त्यांना शिरा दिला. त्यांच्यातल्या एकाने, खूप विचारपूस करून, स्वतःच्याही बंदुकीला कुंकू लावून घेतले. मग दुसऱ्याने. साहेबांच्या लक्षात येईपर्यंत सगळ्यांच्या बंदुका सतरंजीवर होत्या आणि सूर्यास्तापर्यंत उचलता येत नव्हत्या. परगण्याचे सगळे सशस्त्र पोलीसबळ त्या दुपारी माझ्या अंगणात हात मोकळे सोडून बसले होते. बेथनने त्यांना बटाटे सोलायला दिले.

दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत माझा फोटो होता.

कलम तिसरे: किरकोळ

मोठा प्रेशर कुकर बेथनला. शिट्टी उडाली तर घाबरू नये. विळी बसवाल्याच्या बायकोला, तिने मागितली होती, कशासाठी ते विचारले नाही. पुरणयंत्र पाद्री इमलिन यांना. डॉक्टरांचा स्टेथोस्कोप ग्विलिमला, मेंढ्यांसाठी. डॉक्टर तसेही त्यांना तपासायचेच. कॉन्स्टेबल पॉवेल यांना, ज्यांनी माझ्या बंदुकीच्या कपाटाची दरवर्षी पाहणी केली आणि त्यात लोणच्याच्या बरण्या पाहून कधी कुठे नोंद केली नाही, त्या बरण्या, लोणच्यासह. वकिलांना मिक्सर. ते नको नको म्हणत होते, मी ऐकले नाही. टेकडीवरच्या दुर्बीणवाल्या गृहस्थांना रांगोळीचा डबा, कारण त्यांनी माझी उडवली. खोऱ्यातल्या उरलेल्या प्रत्येक सज्ञान स्त्रीपुरुषास एकेक वाटी, चमचा किंवा ताट, सोबतच्या यादीप्रमाणे. यादी सुंदर अक्षरात आहे.

कलम चौथे: सोने

माझे सर्व दागिने केंब्रिजला शिकणारी माझी नात ईशिता हिला. तिने घालावेत किंवा मोडावेत. मोडताना मला स्वप्नात यायला लावू नये.

कलम पाचवे: माधव

माझा एकुलता मुलगा माधव हा क्रॉयडनला राहतो आणि लंडनच्या एका सरकारी कचेरीत काम करतो, जिथे बंदुकांच्या नियमांचे मसुदे होतात. होय. तिथेच.

फोटो छापून आला त्या सकाळी त्याचा फोन आला. "आई, व्हॉट इज धिस? ऑफिसमध्ये सगळे तुझी फोटो बघतायत! तो बंदूक पोलिसला देऊन टाक ना, प्लीज."

"फोटो कसा आलाय?" मी विचारले.

"आई, इट्स नॉट फनी!"

माधवचे चुकते असे मी म्हणत नाही. त्याच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर रेलिंगला बांधलेली फुले मी पाहिली आहेत. तिथे एका मुलाला गोळी घातली होती. त्या मुलाच्या आईसाठी माझा मुलगा रात्र रात्र मसुदे लिहितो याचा मला अभिमान आहे. त्याने एवढेच करावे की पुलाच्या अलीकडच्या माणसांनाही एकदा विचारावे. आम्हाला बंदुका फार प्रिय आहेत असे नाही. बाकी सगळे नेले, तेव्हा कोणी आमच्याकडे वळून पाहिले नाही. बंदुका हातात घेतल्या तर हेलिकॉप्टर आले.

आमचे भांडण बंदुकीचे नाहीच. बापाच्या अंत्यविधीनंतर स्वयंपाकघरात तो मला म्हणाला, "तुम्ही दोघं शहरात असते ना आई, तर बाबा वाचले असते." ते खरे आहे. खरे आहे म्हणूनच मी ते विसरले नाही, आणि बोलून बसला म्हणूनच तो आला नाही. त्याला वाटते ब्रिनगॉखने त्याचा बाप मारला. तीन वर्षे झाली. दर रविवारी फोन असतो, हवापाणी असते, आणि दोघेही लवकर ठेवतो.

माधवला मी काहीही ठेवलेले नाही. घर नाही, चमचा नाही, लोणचेही नाही. हे रागाने केलेले नाही. राग आहे, पण तो वेगळा.

कलम सहावे: साक्ष

या देशाचा कायदा असा: मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि दोघांनी एकाच वेळी समोर उभे राहून मला सही करताना पाहावे लागते. ज्याला त्यात काही मिळते त्याने, किंवा त्याच्या नवऱ्याबायकोने, साक्ष केली तर त्याचे मिळणे रद्द होते. हा कायदाही लंडनलाच झाला, पण जुना आहे, आणि मला पसंत आहे.

ब्रिनगॉखमध्ये आता साक्षीला लायक एकही माणूस उरलेला नाही. मी त्याची काळजी घेतली आहे. वकील मिक्सर का घेत नव्हते ते त्यांना ठाऊक होते. ईशिता बोलावले की येईल, म्हणून तिलाही बाद केले आहे. ज्यांना माझ्याकडून काहीच मिळत नाही अशी माझी दोनच माणसे या देशात आहेत, माधव आणि त्याची बायको नीना.

माधव, वकिलांनी आणखी एक सांगितले. तू आला नाहीस तर हा कागद रद्दी आहे. मी मृत्युपत्राविना गेले असे धरून कायदा एकुलत्या मुलाला सगळे देईल. घर, बंदूक, दागिने, सगळे तुझे. आलास तर तुला काही मिळणार नाही. यंदा दसरा एकवीस ऑक्टोबरला, रविवारी आहे, तुला रजा काढायला नको. मेंढ्या रस्त्यात आल्या तर हॉर्न वाजवू नकोस, थांब. मला तुला पाहावेसे वाटते. त्यापायी मी अख्खे घर वाटून बसले आहे.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, समजून उमजून केले. सही साक्षीदारांसमोर करीन, तोवर नाही.

(सही) सुलक्षणा दीनानाथ आठल्ये
मुक्काम ब्रिनगॉख, दिनांक २१ ऑक्टोबर २००७, विजयादशमी

साक्षीदार:

१. (सही) नीना माधव आठल्ये, राहणार क्रॉयडन.

२. (सही) माधव दीनानाथ आठल्ये, राहणार क्रॉयडन. आईनी माझ्या समोर सही केला. मी कागद धरला. मला काही नको.