दार तर उघडं हाय

प्रिय क्रिस्टे,

चिठ्ठी बघून दचकू नकोस, पपा बरे आहेत. शेजारचा गोरक्ष पुण्याला निघालाय, त्याच्या हाती देतेय. फोनवर का नाही, तर मोबाईल सदा पपांच्या उशाशी, आणि तुझा रविवारचा फोन स्पीकरवर. पुणतांब्याच्या या घरात माझं एकटीचं म्हणावं असं बोलणंच उरलं नाही बाई. अंगावरून वारं गेल्यापासून पपांना डावा हात, जीभ आणि डोळे तेवढे राहिलेत, आणि डोळ्यांना दिवसभर सिनेमा लागतो. तू दर वेळी विचारतेस, या आठवड्यात काय बघितलं. तर ऐक.

मारामारीचे सगळे एकाच साच्यातले. हिरो एका हातानं ट्रक उलटा करतो आणि शर्टाची इस्त्री मोडत नाही. इथं पपांना कुशीवर वळवायचं तर माझ्या आणि गोरक्षच्या तोंडाला फेस येतो. पपा मात्र खूश होऊन गादीवर हात आपटतात. मी तेवढ्यात भाजी निवडून घेते.

भुताचे त्यांचे सगळ्यात लाडके. जन्म चर्चच्या कमिटीत काढलेला माणूस, पण भूत दिसलं की डोळे चमकतात. परवाच्या सिनेमात फादर क्रूस घेऊन आला आणि भूत बघून जिन्यावरून पडला. पपांना असा राग आला! आपले पाळकसाहेब असते तर आधी चहा मागितला असता, मग भुताची ख्यालीखुशाली विचारली असती आणि प्रार्थना इतकी लांबवली असती की भूतच कंटाळून निघून गेलं असतं, म्हणाले. आम्ही दोघं पोट धरून हसलो. पुढं बंगल्यात अडकलेली बाई या खोलीतून त्या खोलीत पळत राहिली, तसे पपा तिच्यावर ओरडले, "बाहेर पड की गं येडे, दार तर उघडं हाय." माझं हसू तिथंच थांबलं. आपलंही दार उघडंच असतं. मी गिरणीपर्यंत जाते आणि धावत परत येते, कारण जरा उशीर झाला की ते घाबरून हाका मारतात आणि गल्ली गोळा होते.

जादूच्या राज्याचा तो मोठा सिनेमा मला मुळीच आवडला नाही. राजकन्येला कुठंही उडवून नेणारी शाल मिळते, आणि ही बया सगळं जग बघून शेवटी त्याच राजवाड्यात बापाचे पाय चेपायला परत. मी रागानं मोबाईल पालथा घातला. पपांना म्हटलं, डोकं दुखतंय.

तुला सॅम आठवतो? नाताळच्या नाटकात मेंढपाळ व्हायचा आणि ऐन वेळी वाक्य विसरायचा तो. नगरला एमआयडीसीत फिटर आहे, बायको वारली त्याची. वर्षभर पपांना भेटायला येतोय, म्हणजे पपांना तसं वाटतं. त्यानं मला लग्नाचं विचारलं. पपांनाही नगरला नेऊ म्हणतो, तळमजल्याची खोली बघून ठेवलीय. मी हो म्हटलंय, क्रिस्टे. या वयात मला आरशात बघावंसं वाटतंय, हस हवं तर. पण पपांना तुझ्याकडे पुण्याला न्यायचं म्हटलं तेव्हा त्यांनी जेवण सोडलं होतं, विसरलीस?

काल कार्टूनचा लावला. म्हटलं, पोरांचं आहे, चालेल. अस्वलाची पोर नदीपलीकडच्या जंगलात निघून जाते आणि म्हातारं अस्वल गुहेच्या तोंडाशी उभं राहतं. पपा रडले. माझा हात धरून म्हणाले, "बरं झालं, माजी लिडी तसली न्हाई." मी चहा टाकायला म्हणून उठले आणि गॅस न पेटवताच ओट्याशी उभी राहिले.

येत्या रविवारी पाळकसाहेब उपासनेत आमच्या लग्नाची पहिली जाहीर सूचना वाचणार आहेत. रीत तुला माहीत आहे, तीन रविवार वाचतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. ज्यांची हरकत असेल ते घरी पलंगावर असतील, पण उपासना सुटली की सगळी मंडळी त्यांचं अभिनंदन करायला येणार. त्याआधी सांगायला हवं आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा सिनेमाच लावून दिला. तू शनिवारी ये. नाही आलीस तर त्याच संध्याकाळी मी पाळकसाहेबांकडे जाऊन सूचना थांबवीन, मी मला ओळखते. पपा आत्ताच विचारत होते, रविवारी कोणता सिनेमा लावायचा. मी सांगितलंय, क्रिस्टी येऊन लावील.

तुझी वाट बघणारी, तुझीच
लिडीताई