इनसाइटफुल म्हणजे काय, भावोजी

अच्छाड, ढाब्यामागची खोली

तीर्थस्वरूप प्रवीण भावोजींना धनेशचा वाकून नमस्कार. इकडे मी धडधाकट आहे, सायवनला तुम्ही आणि जयवंतीताईही तसेच असाल. भाताची आवणी कुठवर आली? घाई मुळीच करू नका, रोपं नीट लागू द्या. (फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मध्येच प्रश्न विचारता. पत्रात ती भीती नाही.)

शेटचा मुलगा शिकून आल्यापासून ढाब्यावर दर सोमवारी मीटिंग असते. तवे तापायच्या आधी सगळ्यांनी खुर्च्यांवर बसायचं आणि प्रत्येकाने एक विचार सांगायचा. तंदूरवाल्या पांड्याने स्वच्छतेवर सांगितलं (पांड्याने!), त्याला 'गुड' मिळालं. माझी पाळी आली तेव्हा डोकं रिकामं. वाढपी आपण दोघंच, तुम्ही गावी गेल्यापासून मी एकटा किती मरतो हे त्याच्या कानावर जावं, जमलं तर पगार वाढावा, म्हणून म्हटलं, माणसं आवणीला जातात तरी ढाबा काही अडत नाही. पोरगा उठून उभाच राहिला. इनसाइटफुल, म्हणाला, व्हेरी इनसाइटफुल, आणि टाळ्या वाजवायला लावल्या. दिवसभर ट्रकवाल्यांना डाळ वाढताना मी तो शब्द तोंडात घोळवत होतो.

अर्थ गल्ल्यावरच्या रोशनीला विचारला, ती बारावी झालीये. ती म्हणाली, हुशार निराळा, चलाख निराळा. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असून कुणाच्या ध्यानात येत नाही, अशा गोष्टीच्या मुळाशी जाणारा विचार तो इनसाइटफुल. ऐकूनच पोट भरलं. मग तिने शब्दाचा उपयोगही सांगितला. आवणीला गेलेल्यांनी आता परत यायचं नाही, असं त्या विचारावरून ठरलंय. गेलेले म्हणजे तुम्ही, भावोजी. मी शेटच्या मुलाच्या पाया पडलो, तो विचार माझा नव्हेच म्हणालो. तर तो म्हणतो, एवढं कमीपण घेऊ नकोस. ताईच्या घरची चूल माझ्या तोंडाने विझवली.

तुमचा मेहुणा,
धनेश

ता. क. ताईला माझं नाव सांगू नका. हायवेवर मंदी आहे म्हणा.

आणखी एक. आवणीला अजून एक माणूस लागेल का? या सोमवारी पांड्याने सांगितलं, की तंदूर सांभाळून वाढायचं कामही तो एकटा करील. तो शब्द त्यालाही मिळाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.